पायरीकाकांची बॅग

बॅगांच्या त्या दुकानात माळ्यावर जायला सात पायऱ्या होत्या. लाकडी, अरुंद, आणि तिसरी पायरी कुरकुरणारी. माळ्यावर विकायला काहीच नव्हतं. तिथे रिकामे खोके आणि एक मोडका पंखा एवढाच ऐवज. तरीही गेल्या तेहतीस वर्षांत त्या दुकानातून बॅग घेतलेल्या प्रत्येक माणसाने तो माळा पाहिलेला होता, कारण पायरीकाका कुणाला सोडायचेच नाहीत.

काका तिथले विक्रेते. मालक दोन झाले, आधी वडील आणि मग मुलगा. काका मात्र तेच. गिऱ्हाईक एखादी बॅग पसंत करायचं, खिशाकडे हात न्यायचं, की काका काउंटरखालून जुन्या मासिकांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे बाहेर काढायचे. एक पाच किलोचा, एक सातचा, एक दहाचा. ते बॅगेत कोंबून चेन ओढायचे आणि म्हणायचे, "चला. उचला, आणि वर जाऊन या."

"अहो काका, हिला चाकं आहेत की!"

"चाकं रस्त्यासाठी. जिना आला की चाकं काय करतात? नुसती बघत बसतात."

मग गिऱ्हाईक धापा टाकत खाली यायचं आणि निमूटपणे एक नंबर लहान बॅग घ्यायचं. धाकट्या मालकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मोठी बॅग जाण्याऐवजी लहान जाते, हे कुठल्या मालकाला बघवेल? पण तीच माणसं पुढच्या प्रवासाआधी परत यायची, शेजाऱ्यांना घेऊन यायची आणि दारातूनच विचारायची, "पायरीकाका आहेत का?" त्यामुळे मालकांना गप्प बसावं लागे. काकांना खरं नाव असणारच, पण बाजाराने ते कधीच मोडीत काढलं होतं.

प्रश्नही त्यांचे ठरलेले. कुठे जाणार? किती दिवस? स्टेशनवर घ्यायला कोण येणार? या तिसऱ्या प्रश्नाचा बॅगेशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर काका चष्म्यावरून बघायचे. घ्यायला कुणी येणार असेल तर एक हात त्यांचा. नसेल तर दोन्ही हात आपलेच. एवढं साधं गणित न कळणाऱ्यांना ते सरळ दोन नंबर लहान बॅग दाखवायचे. शिवाय भरलेली बॅग नुसती उचलून वजन सांगायची त्यांना सवय होती. अर्ध्या किलोचाही फरक पडायचा नाही, आणि पडला तर काटा बिघडलाय असं ते बेधडक सांगायचे.

आता असा माणूस स्वतः किती फिरला असेल? तर चार वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीने रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर घर केलं, आणि काका तिकडे एकदाही गेले नव्हते.

कारण? बॅग. पहिल्या वर्षी चांगली मिळाली, पण तिची चाकं खडखड करत होती. दुसऱ्या वर्षी चाकं मुकी होती, पण मूठ हाताला टोचत होती. तिसऱ्या वर्षी सगळं जमलं, तर म्हणे आतलं अस्तर काळं, काळ्या अस्तरात काळे मोजे सापडत नाहीत. काकूंनी कपाळाला हात लावला. त्या स्वतः एक चाक तुटलेली जुनी बॅग ओढत तीनदा लेकीकडे जाऊन आल्या होत्या. तुटकं चाक तसंच, आणि काकूंचं काही अडलं नव्हतं.

खरी गोष्ट काकांनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांना भीती वाटायची. दुकानात ते पायरीकाका होते. जावयाच्या घरी ते कुठल्या खुर्चीत बसायचं हे विचारणारे पाहुणे झाले असते. आणि दुसरं एक होतं, ते याहून जुनं.

लेक दहा वर्षांची असताना शाळेची सहल निघाली होती. काकांनी दुकानात तिच्यासाठी एक छोटी निळी बॅग बाजूला काढून ठेवली. लेकीने ती दुकानात येऊन पाहिली, पाठीला लावली, सात पायऱ्या दोनदा चढली आणि मैत्रिणींना सांगूनही टाकलं. सहलीच्या आदल्या संध्याकाळी काका हात हलवत घरी आले. "बॅग?" लेकीने विचारलं. "विकली," काका म्हणाले. लेक रडली नाही. आईची बाजाराची कापडी पिशवी घेऊन सहलीला गेली. पुढे ती हा किस्सा पाहुण्यांसमोर रंगवून सांगायची, सगळे पोट धरून हसायचे आणि काकाही हसायचे. ती हसून सांगायची, म्हणूनच काकांना ते जास्त लागायचं.

यंदा काकू दोन आठवडे आधीच तिकडे गेल्या. जाताना त्यांनी काकांचं तिकीट काढून हातात ठेवलं. मग लेकीचा फोन आला.

"बाबा, या वेळी आला नाहीत तर मी परत बोलावणार नाही. रागाने नाही सांगत. पण दर वेळी वाट बघून मला कंटाळा आलाय."

ती खरंच रागाने बोलत नव्हती. काका घाबरले ते त्यामुळेच.

मग मात्र काका झपाटल्यासारखे कामाला लागले. गोदामाच्या तळाशी त्यांना एक बॅग सापडली. कंपनीने कधीच बंद केलेला माल, शेवटचा नग. तपकिरी, सीटखाली सरकेल एवढी, तोंड वरून पूर्ण उघडणारं, बाहेर औषधांपुरता एक खण आणि खांद्यावर आडवा टाकायला रुंद पट्टा. अस्तर पांढरं! काकांना इतका आनंद झाला की त्यांनी मालकांना बोलावून अस्तर दाखवलं. मालकांनी अस्तराकडे पाहिलं आणि काकांकडे जास्त वेळ पाहिलं.

निघायच्या दिवशी काकांनी तीन शर्ट, दोन पँट, दाढीचं सामान, काकूंनी बजावून ठेवलेली कानटोपी आणि नातीसाठी रंगीत खडूंची पेटी असं सगळं त्या बॅगेत बसवलं. तिकीट शर्टाच्या खिशात, कारण तिकीट बॅगेत ठेवणाऱ्या माणसाला ते माणूसच मानत नसत. गाडी साडेसहाची. तोवर घरी बसून काय करायचं, म्हणून बॅग घेऊन ते दुकानात आले. आणि हात कोणाच्या बापाचे ऐकतात? तेहतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी ती बॅग काउंटरच्या टोकाला, दर्शनी बाजूला ठेवली आणि पट्टा नीट समोर वळवून दिला.

साडेचारच्या सुमारास एक शाळामास्तरीण आल्या. पन्नाशीच्या, घाईत, उजवा खांदा जपून धरलेला.

"कुठे जाणार?" काकांनी सुरुवात केली.

"भावाकडे. उद्या सकाळी त्याचं ऑपरेशन आहे. तासाभरात बस आहे आणि माझ्या बॅगेची चेन आजच तुटली."

"घ्यायला कोण येणार?"

"कोण येणार? तो तर हॉस्पिटलात. मी एकटीच."

काकांनी चार बॅगा काढल्या. एकीचं तोंड लहान, एकीचा पट्टा दोरीसारखा, एक उभी राहीना, एक बाईंच्या खांद्याला पेलेना. मासिकांचा पाच किलोचा गठ्ठा दुखऱ्या खांद्यासाठी जास्त होता. काका अस्वस्थ झाले. गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि त्याची बॅग सापडत नाही, हे त्यांना सहन होत नसे. त्यांची नजर फिरत फिरत काउंटरच्या टोकाला गेली आणि चेहरा उजळला.

"ही बघा! भरलेलीच आहे. चारच्या आत आहे वजन. डाव्या खांद्यावर आडवी टाका. जा वर."

बाई वर गेल्या आणि हसत खाली आल्या. "अहो, जाणवतच नाही!"

"सांगत होतो ना?" काका म्हणाले. मग त्यांनी बिल केलं, पट्टा एका छिद्राने आखूड करून दिला आणि दारापर्यंत सोडायला जाताना नेहमीचं वाक्य म्हणाले, "आत कागद कोंबलेत, आकार राहावा म्हणून. काढून टाका."

बाई टॅक्सीत बसून गेल्या. काका आत येऊन पाणी प्याले. जमलेल्या जोडीचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. पाच वाजून दहा मिनिटांनी ते उठले, "निघतो मी," असं मालकांना म्हणाले आणि काउंटरच्या टोकाला हात घातला.

तिथे काही नव्हतं.

मालकांना कळायला वेळ लागला. कळल्यावर ते खुर्चीवरून अर्धे घसरले. "काका! स्वतःची? कपड्यांसकट?"

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. बाईच होत्या. औषधं ठेवायला त्यांनी बॅग उघडली तर आतून पुरुषी शर्ट आणि कानटोपी निघाली. "मी टॅक्सी वळवते," त्या म्हणाल्या. आवाज रडवेला होता.

"मुळीच वळवू नका," काका म्हणाले. "बस चुकेल तुमची. बॅग तुमचीच आहे, तुमच्याच मापाची आहे. कपडे द्या परत कधीतरी. भावाला सांभाळा."

फोन ठेवून काका स्टुलावर बसले. आणि इथे त्यांची लबाडी सांगितलीच पाहिजे. त्यांना मनातून बरं वाटलं. बॅगच नाही, तर जाणार कसं? चार वर्षांत इतकं भक्कम कारण त्यांच्या हाती लागलं नव्हतं. हे कारण काकूंनाही मान्य करावं लागलं असतं. त्यांनी लेकीचा नंबर फिरवला, घसा खाकरून वाक्यही तयार ठेवलं.

फोन नातीने उचलला.

"आजोबा, निघालात?"



"निघालो," ते म्हणाले.

पलीकडे "आजोबा निघाले, आजोबा निघाले" असा गलका झाला आणि फोन बंद झाला.  त्या पोरीशी खोटं बोलल्याचं त्यांच्या जिवाला लागलं, आणि ते खरं करायला तासभर उरला होता. मालकांनी दुकानाच्या नावाची कागदी पिशवी पुढे केली. तीत नवा टॉवेल, दात घासायचा ब्रश आणि पाण्याची बाटली होती. "पळा काका," ते म्हणाले. "दुसरं गिऱ्हाईक यायच्या आत पळा."

सकाळी काका डब्यातून उतरले तेव्हा शर्ट चुरगळलेला होता आणि हातात ती कागदी पिशवी. लेक फलाटावर उभी होती, नातीचा हात धरून. तिने बापाला पाहिलं आणि मग त्याच्या मागे पाहिलं.

"बाबा, बॅग?"

"विकली."

 ती हसू लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. काकांनी मास्तरीणबाईंचा खांदा, भाऊ, बस, सगळं सांगितलं.

"चांगलं केलंत," ती डोळे पुसत म्हणाली. मग एकदम, अगदी सहज विचारलं, "आणि माझी कुणाला विकली होती हो?"

तीस वर्षांत हे तिने कधी विचारलं नव्हतं. काकांना आठवावं लागलं नाही.

"एक नर्सबाई होत्या. बदली झाली होती त्यांची. उजव्या हाताला घड्याळ घालायच्या. निळा रंग आवडला म्हणाल्या."  कागदी पिशवीची कड त्यांनी घडी घालून दाबली. "त्यांना दुसरी चालली असती, बाळा. हिरवी होती, तशीच, फळीवरच होती. मी दाखवलीच नाही. विकायच्या नादात माझ्या लक्षातच आलं नाही. चुकलंच माझं."

 लेकीने त्यांच्या हातातून कागदी पिशवी काढून आपल्या हातात घेतली.

बाहेर पडायला मोठा जिना होता. नातीने पायऱ्या पाहिल्या आणि दोन्ही हात वर केले. काकांनी तिला उचलून घेतलं.

"साडेचौदा किलो," ते म्हणाले.

"परवाच वजन केलंय," लेक मागून म्हणाली. "साडेचौदाच." दोन पायऱ्यांनंतर ती म्हणाली, "बाबा, जाताना तुम्हाला बॅग मी घेऊन देणार. आणि ती विकायची नाही."

"नाही विकणार," काका म्हणाले. जिना संपला तेव्हा किती पायऱ्या झाल्या, ते त्यांना सांगता आलं नसतं.