दाराची वीट
ओल्या ग्रॅनाइटचा वास आला की पोलोग्राउंडच्या कारखान्यांच्या वस्तीतली आमची शेड आठवते. वडील कामाला होते ती मिल बंद पडल्यावर त्यांनी तिथे दगड कापायचं मशीन लावलं होतं. चौदा इंची हिऱ्याच्या ब्लेडची कड चकचकीत झाली तेव्हा ते खूश झाले; मिलमध्ये चमक म्हणजे निगा. पण ब्लेड दगड कापेना. ते संपलं, नवं परवडणार नाही, असं समजून वर्षभरातच त्यांनी मशीन विकायचा सौदा केला. मशीन न्यायला आलेल्या माणसाने दार उघडं राहावं म्हणून लावलेली वीट त्याच ब्लेडने कापली, आणि मग ग्रॅनाइटही सरसर कापला गेला. तो म्हणाला, "काकाजी, चमक आली की हिरे धातूत दबतात. वीट खिलाओ, परत बाहेर येतात, बस!" "अरे भिया, सौद्याआधी बोलायचं ना!" वडील हसले, पण दिलेला शब्द त्यांनी फिरवला नाही. टेम्पो गेल्यावर त्यांनी अर्धी वीट पुन्हा दाराला लावली. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाचा आहे, तरी वाटतं, ती वीट वर्षभर आमच्या पायाशीच होती.