वर्गातली आबाधुबी

आठवीला मी पोखर्णीहून परभणीच्या शाळेत आले ती आप्पांच्या एका अटीवर. "एक तक्रार आली का शाळा बंद. मंग घरी बसायचं." आप्पा बोलले की बोलले, आणि माझा राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर.

पहिल्याच दिवशी एसटीनं उशीर केला. वर्गात नव्या मॅडमनी ओळखीचा खेळ मांडला होता. चेंडू ज्याच्याकडे येईल त्यानं नाव-गाव सांगायचं आणि तो पुढं द्यायचा. हे मला नंतर कळलं. दारातून मला दिसलं ते एवढंच: बाकं भिंतीला लावलेली, पोरं गोल उभी, आरडाओरडा आणि रबरी चेंडू. मी आत पाय टाकला आणि दोन वेण्यांच्या एका उंच पोरीनं तो माझ्याकडं फेकला. खांद्यावर लागला.

आमच्या गावात अंगावर चेंडू आला म्हणजे आबाधुबी. ज्याच्या हाती चेंडू त्यानं समोरच्याला हाणायचं, तेही जीव खाऊन. हळू मारणाऱ्याची वर्षभर टिंगल होते. मी दप्तर टाकलं, चेंडू उचलला आणि हाणला.

तिच्या नाकातून भळाभळा रक्त आलं. पांढरा सदरा लाल झाला. तिनं मला एक सणसणीत ठेवून दिली. मी तिची वेणी धरून तिला खाली ओढलं, तिनं माझ्या मनगटाचा चावा घेतला. बाकांखाली आम्ही एकमेकींना लाथा घातल्या. सोडवायला आलेल्या मॅडमचा चष्मा फुटला. खोटं कशाला बोलू, मला लय बरं वाटत होतं.

मोठ्या बाईंनी फोन केला. आप्पा शेतातून तसेच मोटारसायकलवर आले. ऑफिसच्या दारातच त्यांनी माझ्या कानाखाली आवाज काढला.

"उचल दप्तर. झाली शाळा."

चाव्यानं आलं नव्हतं ते रडू तेव्हा आलं. मला शाळा हवी होती.

नाकात कापूस घालून बसलेली ती पोरगी उठली. "काका, हिला नेऊ नका."

मॅडमना वाटलं, पोरगी माफ करायलीय. त्यांचे डोळे भरून आले.

"ही गेल्यावर मी कुणाला मारू?" ती म्हणाली. "माझा डाव राह्यलाय अजून."

आप्पांनी तिला खालून वर न्याहाळलं. मग माझ्या हातातलं दप्तर काढून खाली ठेवत म्हणाले, "मंग आधी हिचा डाव दे."

मधल्या सुट्टीत मी मैदानात तिच्याकडं पाठ करून उभी राहिले. ती लांबून पळत आली. चेंडू पाठीत असा बसला की श्वासच अडकला. मी गुडघ्यांवर पडले आणि तशीच हसायला लागले.

"नाव काय गं तुझं?" तिनं मागून विचारलं.