करडीचं तेल
फोडणीत करडीचं तेल तापलं, की मला थोरल्या भावाची व्यायामाच्या लाकडी मुद्गलांची जोडी आठवते. रोज पहाटे ती फिरवून झाली, की तो तिला हेच तेल चोळायचा. पैठण रोडला फरशीचं दुकान टाकल्यावर 'धंद्याचा जम बसू दे, मग पुन्हा सुरू करतो' म्हणाला आणि जोडी दुकानात शोभेला ठेवली. पुढं बऱ्याच वर्षांनी एका हॉटेलवाल्याला ती आवडली. गिऱ्हाईक मोठं, म्हणून भावानं तशीच देऊन टाकली आणि गाडीत ठेवायला स्वतः उठला, पण त्याला एकही मुद्गल उचलेना. धापा टाकत तो खुर्चीत बसला. 'ही फिरवायचं कोण?' हॉटेलवाल्यानं विचारलं. 'आमचे वडील,' भाऊ म्हणाला. वडिलांनी जन्मभर शिलाई मशीन चालवली. मुद्गलाला त्यांचा हातही लागला नव्हता. आता भाऊ जेवायला आला, की आधी विचारतो, 'करडीचंच तेल हाय ना? दुसरं डॉक्टरनं बंद केलंय.'