विहीणबाईंचा पक्षी

आमच्या विहीणबाईंइतक्या मोठ्या आवाजात पक्षी बघणारं माणूस साऱ्या अमेरिकेत दुसरं सापडायचं नाही. बाकीचे लोक गळ्यात दुर्बीण अडकवून मांजरासारखी पावलं टाकतात. विहीणबाईंनी जन्मभर शाळेत पीटी शिकवलेली. त्यांनी "तो बघा!" म्हणेपर्यंत तो उडालेलाच असायचा. मग दूर जाणाऱ्या शेपटीकडे बघून त्या म्हणायच्या, "भित्रा आहे."

लेकीच्या बाळंतपणासाठी मी सॅन डिएगोला आले, मागोमाग नातवाला बघायला त्या आल्या, आणि दोन विहिणी एका घरात राहिल्या. त्या मुलाकडच्या, म्हणून मी आधीच धास्तावलेली. मानपानात काही चुकेल या भीतीनं तोंडच उघडत नव्हते. त्यांना मात्र मानपान करायचा होता तो पक्ष्यांचा. घरामागच्या टेकडीवर सगळी खुरटी, काटेरी झुडपं. तिथून डोक्यावरचा तुरा डोलवत क्वेल पक्ष्यांची रांग निघाली की त्या हात आडवा करून मला अडवायच्या. "थांबा, वऱ्हाड आहे. नवरदेव पुढं गेल्याशिवाय हलायचं नाही." साडीवर मुलाचं जाकीट, पायात बूट, गळ्यात दुर्बीण आणि शाळेतली शिट्टी. शिट्टी कशाला, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. एकदा जावयांनी आम्हाला वाळवंटात नेलं, तेव्हा कळलं. रोडरनर नावाचा पक्षी रस्त्यावरून तुरुतुरु पळत होता. विहीणबाईंनी शिट्टी फुंकली आणि ओरडल्या, "गुडघे वर!" तो थबकला, तुरा उभारून त्यांच्याकडे पाहिलं, आणि धूम पळाला. जावयांनी कपाळाला हात लावला. "आई, हळू बोल ना यार! अख्ख्या डेझर्टमधलं बर्डिंग कॅन्सल केलंस."

"त्याचं पळणं चुकत होतं," विहीणबाई म्हणाल्या.

एकाच पक्ष्यानं त्यांना दाद दिली नाही. रेनटिट त्याचं नाव. करडा, मुठीत मावेल एवढा. झुडपाबाहेर येतच नाही, आवाजावरून शोधायचा असतो. परतीचा दिवस जवळ आला तशी त्यांनी घोषणा केली, "याला बघितल्याशिवाय मी विमानात बसणार नाही." रोज सकाळी आम्ही टेकडीवर. तो ओरडायचा खूप. स्टीलची वाटी ओट्यावरून फरशीवर पडावी, टण टण उडत शेवटी भराभर थरथरून स्थिर व्हावी, तसा. मला वाटायचं, त्यांना येतंच आहे ऐकू, आपण कशाला बोलायचं?

शेवटच्या सकाळी तो अगदी शेजारच्या झुडपात ओरडला, आणि विहीणबाई त्याच्याकडे पाठ करून दुर्बीण लावून उभ्या.

"आजही गप्प आहे मेला," त्या म्हणाल्या.

"विहीणबाई, ओरडतोय की."

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. तो खणखणीत आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. "बारीक आवाज येत नाहीत हो मला आता. मुलाला सांगू नका, कानात मशीन घालायला लावील." मग दुर्बिणीची काच पदरानं पुसत म्हणाल्या, "कसा ओरडतो, तेवढं सांगा."

ते सांगून कळण्यासारखं नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाजच काढला. टण... टण... टण, टण, टणटणटणटण. चढावरून येणारी एक बाई कुत्र्यासकट थांबली. आणि झुडपातून तो बाहेर आला! शेपूट ताठ, डोळे वटारलेले, माझ्या हद्दीत हे कोण म्हणून बघणारा. विहीणबाई ओरडल्या नाहीत. माझा हात घट्ट धरून कानाशी कुजबुजल्या, "अगदी रुसलेली वरमाई!"

वरमाईच्याच तोंडून ते ऐकून मी इतक्या जोरात हसले की पक्षी उडून गेला.

"भित्रा आहे," मी म्हटलं.

आता त्या नाशकात असतात. व्हिडिओ कॉलवर मुलाशी, नातवाशी बोलून झालं की म्हणतात, "विहीणबाईंना द्या." मी फोन घेऊन मागच्या अंगणात जाते. टेकडीवर तो ओरडत असतो, पण त्यांच्यापर्यंत काही पोचत नाही. मग मीच वाटी पाडते, टण... टण... टण, टण.

"आला," त्या म्हणतात. तेही हळूच.