आपला का भाईरचा?

आमच्या लातूरच्या कॉलेजातले हेडक्लार्क भाऊसाहेब खिडकीशी आलेल्या पोराला नाव नंतर विचारत. आधी चष्मा कपाळावर सारून विचारत, "आपला का भाईरचा?" भाईरच्याला मग अर्धा दिवस ताटकळावं लागे.

सुदानहून शिकायला आलेल्या पोरावर तर त्यांचा विशेष राग. "आपल्याला प्यायला पानी न्हाई, अन् सातासमुद्रापल्याडच्यांना शिकवायलोत! आपल्या एका पोराची जागा गेली का न्हाई, सर?" मी म्हणे, अशी चार पोरं आली तर आपल्या पोरांना जग कळेल. ते "हाव, हाव" म्हणत आणि शिक्का जोरात हाणत.

मग उस्मानाबादपासून लातूर जिल्हा वेगळा झाला. भाऊसाहेबांचं उमरग्याकडचं गाव मात्र उस्मानाबाद जिल्ह्यातच राहिलं. हे कळल्यावर सुदानचा पोरगा इथंच शिकलेल्या मराठीत म्हणाला, "भाऊसाहेब, आता तुम्ही बी भाईरचे!"

सगळं ऑफिस हसलं. भाऊसाहेब हसले नाहीत. बराच वेळ चष्मा पुसत बसले.

पुढच्या जूनमध्ये तो पोरगा आपल्या धाकट्या भावाला प्रवेशासाठी घेऊन आला. मी मुद्दाम खिडकीजवळ रेंगाळलो. भाऊसाहेबांनी धाकट्याकडे बघत चष्मा कपाळावर सारला.

"गाव कंचं?"

थोरल्यानं सांगितलं. भाऊसाहेबांना ते काही उच्चारता आलं नाही.

"पाऊस हाय का तिकडं?"

"न्हाई भाऊसाहेब. तिकडं बी दुष्काळच."

"मंग आपलाच हाय की!" ते म्हणाले, आणि शिक्का हाणला.