नाव काचेबाहेर

भाषेच्या बाईंचा राग नाकावर असायचा आणि हात झेरॉक्स मशीनवर. एका कागदावर दोन पानं मावावीत म्हणून त्या पुस्तक असं सरकवून ठेवत, की लेखकाचं नाव हमखास काचेबाहेर राही.

एकदा त्या गोष्टींच्या अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढायला निघाल्या, तेव्हा मुख्याध्यापकांनी अडवलं. "शिकवण्यापुरती दोन-चार पानं ठीक आहेत, बाई. अख्खं पुस्तक लेखकाला विचारल्याशिवाय नाही."

बाईंनी तणतणत हा नियम वर्गाला ऐकवला. "मग आता वाचायचं काय, माझं डोकं? लिहा आपापल्या गोष्टी!"

पोरांनी खरंच लिहिल्या. एका अबोल मुलीची पालीची गोष्ट ऐकून वर्ग हसून हसून बेजार झाला. ती गोष्ट प्रत्येकालाच हवी होती. बाई सवयीने मशीनकडे निघाल्या, तशी ती मुलगी आडवी आली.

"बाई, अख्खी गोष्ट? मला विचारलंत का?"

बाईंचा पारा चढला आणि तसाच उतरला. "देतेस का गं?"

"देते. पण माझं नाव कापायचं नाही."

बाईंनी पान काचेवर नीट सरकवलं. मशीनमधून आधी नाव बाहेर आलं, मग गोष्ट.