मॅनेजर न झालेला जपान्या

आमच्या भागातला माणूस आखातातून सुट्टीवर आला की मॅनेजर होऊनच येतो. तिथं कोणी नळ जोडत असतो, कोणी गाड्या धूत असतो. जवळा बाजारच्या स्टँडवर उतरताना मात्र डोळ्यांवर गॉगल आणि बोलण्यात मॅनेजरकी. मी स्वतः मस्कतच्या एका पंचतारांकित हॉटेलात, धोबीखान्यात, चादरींना इस्त्री करत होतो आणि गावात 'हॉटेलातले साहेब' म्हणवून घेत होतो. माझा पुतण्या त्याच हॉटेलात होता, त्याचा पगार माझ्याहून जास्त होता, बडे बडे लोक त्याच्यासमोर ताटली घेऊन बसत. पण तो कधी मॅनेजर झाला नाही. कोणी विचारलं की भर स्टँडवर मोठ्यानं सांगायचा, "आचारी हाय मी. जपानी सैपाक करतो." जपानी सैपाक म्हणजे काय, हे त्या काळात गावात कोणालाच माहीत नव्हतं. गावानं त्याला जपान्या म्हणायला सुरुवात केली आणि त्यानं ते नाव आनंदानं घेतलं.

माझ्या थोरल्या भावाचा हा मुलगा. भावाला आम्ही सगळे आबा म्हणत असू. आमचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं. पण आबांनी तरुणपणीच गळ्यात तुळशीची माळ घातली होती. मेंढरं पाळायची, बाजारात विकायची, मटण मात्र घरात शिजवायचं नाही, आणि मांसमासळी करणाऱ्याच्या हातचं खायचं नाही, असा त्यांचा नेम. जपान्या दहावीत गणितावर अडकला आणि हिंगोलीत डेपोजवळच्या एका खानावळीत भाकऱ्या थापायला लागला. मी नव्वदच्या दशकात त्याला मस्कतला नेलं ते भांडी घासायला.

हॉटेलातल्या जपानी विभागाचा मुख्य आचारी एक म्हातारा जपानी होता. सकाळी माशांची खोकी आली की तो एकेक मासा उचलून बघायचा. एकदा भांडी घासता घासता जपान्या उठला, खोक्यातल्या एका माशाच्या पाठीवर त्यानं अंगठा दाबला आणि तो मासा शिळा म्हणून बाजूला ठेवला. म्हाताऱ्यानं तो हुंगला, याच्याकडं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी खोकी उघडताना याला शेजारी उभं केलं. मी विचारलं, "तुला काय कळतं रे माशातलं? जन्मात खाल्ला तरी का?"

"आबा बाजारात मेंढी घेताना काय करतेत?" तो म्हणाला. "आधी डोळा बघतेत, मंग पाठ दाबतेत. मी तेच केलं. जनावर कोणतंबी असू द्या, पाठ सांगती."

म्हाताऱ्यानं त्याला बरेच महिने नुसते तांदूळ धुवायला लावले. ज्वारीच्या मुलखातलं पोरगं, घरी भात दिसायचा तो सणावारी. पण त्यानं कंटाळा केला नाही. मग भात शिजवणं आलं, मग सुरी हातात आली, आणि काही वर्षांनी तो पाहुण्यांसमोरच्या काउंटरवर उभा राहिला. एकदा एक गोरा पाहुणा म्हणाला, मला जपानी माणसाच्या हातची सुशी पाहिजे. जपान्यानं मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "आधी खा, मग मी कुठला ते सांगतो." पाहुण्यानं एक ताटली संपवली, दुसरी मागवली आणि विचारलं, गाव कोणतं? "हिंगोली," जपान्या ताठ मानेनं म्हणाला. पाहुणा समाधानानं मान डोलवत राहिला. त्याला ते जपानातलंच एखादं गाव वाटलं असणार.

सुरी हातात आली त्याच वर्षी मी सुट्टीवर निघालो होतो. जपान्या मला सोडायला विमानतळावर आला आणि म्हणाला, "तात्या, एक काम करा. आबाला खरं सांगा. मी आता मासा कापून राहिलो. घरच्यासाठी मी निराळी सुरी घेतली, तिला मासा लागणार न्हाई. पण हात तर हाच राहतो. माझ्या हातचं खायचं का न्हाई, ते आबा ठरवतील. खतात लिहून कळवायची गोष्ट न्हाई ही. तुमी समोर बसून सांगा."

मी गावी आलो. आबांनी मेंढवाड्यापाशी बसून पहिलाच प्रश्न विचारला, "पोरगं काय करून राहिलं तिथं?"

मी म्हणालो, "भात शिजवतो. जपानी लोकांचा."

आबांचा चेहरा खुलला. "चांगलं हाय. अन्नाचं काम हाय," ते म्हणाले. त्या चेहऱ्यासमोर मला पुढचं बोलवेना. खरं कळलं तर ते पोराला परत बोलावतील आणि त्याला नेणारा म्हणून मला बोल लावतील, हीही भीती होतीच. मस्कतला परतल्यावर जपान्यानं विचारलं, तेव्हा मी त्याच्याशीही खोटं बोललो. म्हणालो, "सांगितलं. आबा म्हणाले, हरकत न्हाई."

त्याचा आनंद मला अजून दिसतो. पुढच्या प्रत्येक सुट्टीत तो घरी आला की आंघोळ करून चुलीपुढं बसायचा, फडक्यात गुंडाळलेली ती घरची सुरी काढायचा आणि आबांसाठी वांग्याची नाहीतर दोडक्याची भाजी करायचा. माळकऱ्याच्या घरात माशाचं नाव काढू नये, म्हणून घरी तो कामाचा विषय काढत नसे. आबा बोटं चाटून जेवायचे आणि त्याच्या आईला म्हणायचे, "इतक्या वर्सांत तुला असं जमलं न्हाई."

"मंग त्यालाच ठेवून घ्या, मी जाते मस्कतला," वहिनी म्हणायच्या.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. हट्टा गावचे पाहुणे मुलीसाठी त्याला बघायला आले. मीही सुट्टीवर होतो. सैपाक त्यानंच केला आणि सगळे एका पंगतीत बसलो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "आचारी म्हणता, पण म्हणजे नेमकं काय करता तुमी?"

सरळ विचारल्यावर तो वाकडं सांगणारा नव्हता. "मासा कापतो. जपानी लोक कच्चाच खातेत, तसा वाढतो."

"कच्चा? असू द्या, असू द्या. आमची पोरगी शिजवून खाती," असं म्हणून पाहुणे हसले. आबा हसले नाहीत. त्यांचा घास हातातच राहिला होता.

"मासा? तू?"

"व्हय आबा. तात्यानं तर तुमाला..." तो म्हणाला आणि थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घालून ताटातली भाजी चिवडत होतो. तेवढ्यावरून त्याला सगळं कळलं. आबांकडं वळून तो म्हणाला, "चुकलं आबा. मी सांगायला पायजे व्हतं."

आबांनी घास ताटात ठेवला, हात धुतला, पाहुण्यांना "सावकाश होऊ द्या" म्हटलं आणि ते मेंढवाड्याकडं निघून गेले. नेम मोडला म्हणून पुढं महाराजांकडं जाऊन त्यांनी माळ पुन्हा घालून घेतली. लग्न झालं, नातवंडं झाली, बापलेक मेंढरांपाशी तासन्‌तास बोलत बसत. पण आबा पुन्हा त्याच्या हातचं जेवले नाहीत. "बापाला फसवून बाटवलं," असं गाव म्हणत राहिलं. मी एकदा त्याला विचारलं, माझं खोटं आबांना का सांगितलं नाहीस? तो म्हणाला, "आबाला लेकरं तीन हायत. भाऊ एकच हाय."

नोकरी संपवून मी गावी आलो. आबांना सांगायचं म्हणून रोज मेंढवाड्यावर जायचो आणि मेंढरांच्या, पावसापाण्याच्या गप्पा मारून परतायचो. तसेच एक दिवस आबा गेले.

वर्षश्राद्धाला भाऊबंद जमले. सैपाक कोणी करायचा, यावर बोलणं निघालं. "आचारी घरात हाय," जपान्या म्हणाला. त्यावर आबांच्या सोबतीचे एक म्हातारे माळकरी फटकन बोलले, "बापाला फसवून खाऊ घातलं, आता आमाला घालतो का?"

तेव्हा मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. विमानतळावर त्यानं मला काय सांगितलं होतं, मी आबांना काय सांगितलं आणि परत जाऊन त्याला काय सांगितलं, सगळं. मग ते म्हातारे जपान्याकडं वळून म्हणाले, "तुझ्या हातचं आमाला चालत न्हाई बाबा, ते आजबी न्हाईच. पण तू लबाड न्हाईस. इतकी वर्सं उगाच बोललो तुला."

"बराबर हाय," जपान्या म्हणाला. त्यानं मोटारसायकल काढली आणि जवळा बाजारहून दुसरा आचारी स्वतः मागं बसवून आणला. त्या आचाऱ्याला त्यानं एका शब्दानंही काही शिकवलं नाही.

ही हकिकत त्या दिवशी तिथं होते त्यांना ठाऊक आहे. पण आमचे सोयरे लांब लांब पसरले आहेत आणि त्यांच्या घरांत अजून जुनीच गोष्ट चालते. म्हणून ही लिहून ठेवली. जपान्यानं बापाला फसवलं नाही. फसवलं ते मी, दोघांनाही.

त्या दिवशी शेवटच्या पंगतीला तो माझ्या शेजारी येऊन बसला. मी म्हणालो, "पोरा, माफ कर." पानातला भात कालवत तो हळूच म्हणाला, "आबा न्हाई म्हणाले असते, तरी चाललं असतं, तात्या. पण त्यांचं न्हाईबी तुमी मला मिळू दिलं न्हाई."

आणि मान वर करून वाढप्याला ओरडला, "तात्याचं पान रिकामं हाय. वाढा की!"